वाळपईच्या गच्चीवरून रोझेट तेजोमेघ: चार महिन्यांच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२४

पाडवा म्हणून आज खोकी उघडली. चवथीला हायस्कूलचे विज्ञानाचे सर घरी आले होते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सत्तरी तालुक्यातूनच काढलेलं एखादं आकाशाचं चित्र लावता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि मी फुशारकीत हो म्हणून बसलो. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. कुळागरांचे पंप, गिरणीच्या मोटरी, कोणी आणला तर मिक्सर. आकाशातलं मला मृग आणि सप्तर्षी ओळखण्याइतपत कळतं.

मृगातला मोठा तेजोमेघ सगळेच काढतात म्हणून रोझेट निवडला, गुलाबासारखा दिसणारा वायूचा ढग. आर्द्रा आणि प्रश्वा या दोन ताऱ्यांमध्ये रेघ ओढली, तर आर्द्रेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर तो येतो. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही, पण आकाराने तो पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून मोठा आहे. म्हणजे दुर्बीण नको, २०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मी इथे पैसे वाचवले. पुढे ते दुसऱ्या वाटेने गेलेच.

आतापर्यंतचा खर्च: जुना कॅनन ६००डी कॅमेरा ११,५००. त्याच्या सेन्सरसमोरची लाल अडवणारी काच काढून घेतली, ५,०००. जुनी जपानी २०० मिलिमीटर, एफ/४ लेन्स ६,५०० आणि तिचा अडॅप्टर ४००. आकाशाबरोबर फिरणारा ट्रॅकर, वापरलेला, २४,०००. कॅमेऱ्याच्या आत बसणारा दोन पट्ट्यांचा (हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा उजेड तेवढा सोडणारा) फिल्टर १५,८००. तिपाई घरचीच, सर्वेवाल्या एका गिऱ्हाइकाने बिलाऐवजी दिलेली. एकूण ६३,२००. बायकोला मी सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही.

काच काढणं कशाला, हे आधीच सांगतो. हायड्रोजनचा लाल उजेड ६५६.३ नॅनोमीटरचा असतो. साध्या कॅमेऱ्यातली ती काच त्यातला बहुतेक भाग खाऊन टाकते, कारण माणसांचे फोटो लालभडक येऊ नयेत. तेजोमेघ म्हणजे मुख्यतः हाच लाल उजेड. काच न काढताही प्रयत्न होतो, पण तिप्पट-चौपट वेळ लागतो आणि आपल्याकडे तेवढ्या कोरड्या रात्री कुठे आहेत?

९ नोव्हेंबर

ध्रुव तारा सापडत नाही.

इंटरनेटवर सगळे सांगतात की ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे लावा, पाच मिनिटांचं काम आहे. सांगणारे राहतात उत्तरेला. वाळपईचा अक्षांश साडेपंधरा, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर. माझ्या उत्तरेला पोफळींचं कुळागर, त्यामागे डोंगर, आणि उरलेल्या फटीत धुकट हवा. पोफळ काही वाकत नाही, आणि शेजाऱ्याला ती तोडायला सांगण्याइतका मी वेडा झालेलो नाही.

मग होकायंत्र. गच्चीवर ठेवलं की उत्तर एकीकडे, चार पावलं सरकलं की दुसरीकडे. स्लॅबमधली सळई आणि कठड्याची लोखंडी जाळी. मोटरवाल्याला हे आधी सुचायला हवं होतं. शेवटी होकायंत्र घेऊन अंगणात उतरलो, देवळाच्या कळसाची दिशा धरली आणि ती वर जाऊन मोजली.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. आस इतका आडवा असतो की वजनाचा दांडा खाली येऊन तिपाईच्या पायाला आपटतो. पहिल्याच रात्री आपटला, ट्रॅकर कुरकुरला, माझ्या पोटात गोळा. उपाय सोपा आहे: तिपाईचा एक पाय बरोबर दक्षिणेला ठेवायचा, म्हणजे दांडा उरलेल्या दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत फिरतो.

१६ नोव्हेंबर

उद्या-परवा चंद्र मोठाच आहे, पण आस लावायला चंद्र आड येत नाही. ध्रुव न दिसता तो लावायची रीत तीन रात्रींत जमली. आपल्याकडच्यांसाठी ती लिहून ठेवतो.

दक्षिणेकडे, डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेघेजवळचा आणि आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा एक तारा धरायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दहापट मोठा करून पाच मिनिटं पाहत बसायचं. तारा दक्षिणेला सरकला तर आस पूर्वेकडे जास्त झुकलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. ते दुरुस्त झालं की पूर्वेला, क्षितिजापासून थोडा वर असलेला तारा घ्यायचा. तो दक्षिणेला सरकला तर आस खाली आहे, वर उचला. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे लक्ष द्यायचं नाही. पहिल्या रात्री मी तेच दुरुस्त करत बसलो आणि दोन तास पाण्यात.

आता पाऊण तासात होतं. तिपाईच्या पायांच्या जागी गच्चीवर ऑइलपेंटने तीन टिकल्या केल्यात.

२३ नोव्हेंबर

चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. तोवर सराव म्हणून मृगाचा तेजोमेघ घेतला, बाणाच्या खाली दिसतो तो. दोन-दोन मिनिटांच्या २५ फ्रेम. पंख सुरेख आले, पण मधला गाभा पांढराफटक. तिथे चार तरुण ताऱ्यांचा चौकोन आहे आणि त्यातला सर्वांत तापट तारा, थीटा वन ओरायनिस सी, जवळपास एकटाच हा सगळा ढग पेटवतो. वस्तुमान सूर्याच्या तीसपटीहून जास्त. तो एवढा उजळ की दोन मिनिटांत पाणी डोक्यावरून जातं. दहा-दहा सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन जोडायच्या असतात. घेतल्या नव्हत्या. सोडून दिलं.

फोकसचा एक धडा मात्र इथेच मिळाला. काच काढल्यावर लेन्सवरची अनंताची खूण खोटी पडते. तारा मोठा करून हातानेच फोकस करायचा आणि रिंगला इन्सुलेशन टेप गुंडाळायची.

१ डिसेंबर

अमावास्या, आणि वर आभाळ. पूर्व किनाऱ्यावर आपटलेल्या फेंगल वादळाचं उरलंसुरलं ढगाळ आपल्या वाट्याला. महिन्यातल्या सगळ्यात चांगल्या पाच रात्री गेल्या.

७ डिसेंबर

चंद्र मावळल्यावर रोझेटचा पहिला खरा प्रयत्न. यंत्रात शोधताना गोंधळ: एनजीसी नावाच्या यादीतले २२३७, २२३८, २२३९, २२४६, यातला रोझेट कुठला? सगळेच. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे तुकडे दिसले आणि प्रत्येकाला वेगळा नंबर पडला. मधला तारकागुच्छ एनजीसी २२४४. मी त्या गुच्छावर कॅमेरा रोखतो, तो दिसतो तरी.

बारा ते एक ठीक चाललं. मग तारे फुगायला लागले, आणि दीड वाजता पडद्यावर नुसता राखाडी गोळा. लेन्स चाचपली तर ओली. आमच्याकडे म्हादईच्या खोऱ्यात डिसेंबरात दव असं पडतं की पहाटे पत्र्यावरून थेंब ऐकू येतात. ५२ फ्रेमपैकी २९ कामाच्या. ती काढून कपड्याने पुसायला गेलो ती दुसरी चूक. ही चूक पुढे महिनाभर नडणार होती, पण तेव्हा कळलं नाही.

दवाचा हीटर विकत ४,००० च्या पुढे पडत होता. दुकानात सामान होतंच: १८० ओहमचे, २ वॅटचे ८ रेझिस्टर समांतर जोडले, १२ व्होल्टच्या बॅटरीवर साडेसहा वॅटच्या आसपास उष्णता. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये शिवून लेन्सच्या तोंडाशी बांधले. खर्च ३१०. हात लावला तर कोमट लागायला हवं, गरम नको. गरम झालं तर फोकस सरकतो.

२८ आणि २९ डिसेंबर

दोन्ही रात्री स्वच्छ. २८ ला गावात जत्रा होती, मांडवाचे हॅलोजन माझ्या पश्चिमेला आणि रात्रभर दशावतारी काला, पण दोन पट्ट्यांच्या फिल्टरने हॅलोजनचा बराच उजेड अडवला. एका कानाने नाटक ऐकत फ्रेम मोजल्या. शंखासुराच्या वेळी बॅटरी बदलली.

एकूण ८४ फ्रेम, दोन-दोन मिनिटांच्या: दोन तास ४८ मिनिटं. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों ऐकू आला तेव्हा शेवटची फ्रेम चालू होती.

सिरिल हे फुकटचं सॉफ्टवेअर. त्यात सगळ्या फ्रेम रचल्या, ताणल्या, आणि लाल फूल दिसलं. खरंच दिसलं! आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "जास्वंद?" मग म्हणाली, "मधे कुरतडलंय."

मध्यभागी काळपट भोक. आणि चित्राचे चारही कोपरे उजळ.

३ जानेवारी २०२५

पाच संध्याकाळी या भोकापायी गेल्या. कारण शोधता शोधता एक खरी चूक हाती लागली, ती आधी.

लेन्सचे कोपरे नेहमी थोडे काळे येतात. ते सरळ करायला फ्लॅट फ्रेम घेतात: पांढऱ्या कापडातून एकसारखा उजेड. मी मोबाइलचा पांढरा पडदा आणि धुतलेली लुंगी वापरली. पण फ्लॅटने भागाकार करण्याआधी मूळ फ्रेममधून डार्क फ्रेम (लेन्सला झाकण लावून घेतलेली) वजा करायला हवी, ती मी केलीच नव्हती. या कॅमेऱ्यात पूर्ण अंधारातही आकडा शून्य नसतो, २०४८ च्या आसपास असतो. फिल्टरमुळे मुळात उजेड कमी, त्यात हा खोटा २०४८ भागाकारात गेला की कोपरे प्रमाणाबाहेर उजळतात आणि मध्य खड्ड्यात जातो. म्हणजे माझी लक्षणं तंतोतंत जुळली.

झाकण लावून ३० डार्क घेतल्या, त्याच रात्रीच्या गारव्यात. पुन्हा सगळं चालवलं. कोपरे सपाट झाले, अगदी देखणे. भोक तसंच.

इथे थांबायला हवं होतं. पण मोटर जळकी आली की आम्ही आधी धरून चालतो की दोष वाइंडिंगचा. एकदा चूक सापडली की दुसरीही तिथेच असणार, असं डोकं चालतं.

१२ जानेवारी

भोक बुजवलं. अभिमानाने लिहिलं होतं, तसंच ठेवतो.

पार्श्वभूमी काढायचं एक साधन सिरिलमध्ये आहे. चित्रावर ठिपके टाकायचे आणि ते म्हणतं, इथे आकाश काळं असायला हवं. मी ते ठिपके उलट्या पद्धतीने वापरले, भोकात आणि भोकाभोवती टाकून मध्य वर उचलला. मग कडेला काळे ठिपके-शेपट्या होत्या, त्या सेन्सरवरची धूळ समजून एकेक करून पुसल्या. खालच्या डाव्या बाजूला एक मोठं, गोल, सुबक कडं होतं. ते मात्र ठेवलं. मला वाटलं, हा एखादा बुडबुडा असणार, असले फोटो पाहिले होते.

गोल गरगरीत गुलाब तयार. सरांना पाठवला. "अप्रतिम" म्हणाले. तीन रात्री, आठ संध्याकाळी.

१४ जानेवारी

संक्रांत. भाची आली होती. ती ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते. तिळगूळ तोंडात असतानाच तिने मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "मामा, मधलं भोक कुठे गेलं?"

"बुजवलं. फ्लॅटची चूक होती."

"आणि खाली हे कडं?"

"तो बुडबुडा."

ती हसली, मग तिने तोंड आवरलं. "मामा, उलटं केलंस. कडं तुझं आहे आणि भोक ताऱ्यांचं. बुडबुडा तो मधला."

तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. त्या गुच्छात दोन तारे फार मोठे आहेत, एचडी ४६२२३ आणि एचडी ४६१५०. प्रत्येक सूर्याच्या काही लाख पट तेजस्वी, पृष्ठभाग ४० हजार अंशांच्या घरात. यांचा उजेड मुख्यतः अतिनील. तो आजूबाजूच्या हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उडवून लावतो, आणि तो इलेक्ट्रॉन परत बसताना पायऱ्या उतरत येतो, त्यातल्या एका पायरीला माझा ६५६.३ चा लाल उजेड निघतो. इथवर मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो वारा. या ताऱ्यांच्या अंगावरून वायू सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटरने सुटतो. एका सेकंदात पणजीहून दिल्ली गाठून वर उरेल. लाखो वर्षं असं फुंकत राहिलं की मधला वायू कडेला लोटला जाणारच.

मी म्हटलं, "बोअर फ्लश करतात तसं?" आमच्याकडे बोअरवेल गाळाने भरली की कॉम्प्रेसरची हवा आत सोडतात, पाणी-माती वर उसळते. ती म्हणाली, तसंच समज, फक्त नळी नाही, चहूबाजूंनी.

मग मला जो प्रश्न पडला तो मी विचारला, आणि तो चांगला होता असं तीही म्हणाली. तारा एवढं ढकलतो, तर मुळात तो एवढा मोठा झालाच कसा? जमणाऱ्या वायूला त्याने आधीच हाकलून लावायला हवं होतं.

याच प्रश्नावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं अडले होते म्हणे. जड तारा इतक्या घाईने आकुंचन पावतो की वायू अंगावर पडत असतानाच त्याच्या पोटात हायड्रोजन पेटलेला असतो. सूर्यासारख्या ताऱ्याला तिथवर यायला कोट्यवधी वर्षं लागतात, याचं सगळं काही लाख वर्षांत उरकतं. उजेड धुळीला ढकलतो हे खरं. पण वायू चारही बाजूंनी सरळ पडत नाही, चकतीतून गोल फिरत येतो. चकती दाट, तिला उजेड सहज हलवू शकत नाही, आणि उजेडाला वर-खाली ध्रुवांकडून सटकायला मोकळी वाट मिळते. म्हणजे एकीकडून जेवण चालू आणि दुसरीकडून वाफ बाहेर. कुकरची शिट्टी.

त्या रात्री सरांना फोन करून आधीचं चित्र पुसायला सांगितलं. कारण विचारल्यावर नुसतं "तांत्रिक" म्हणालो.

२५ ते २७ जानेवारी

भाचीवर विश्वास आहे, पण मोटर दुरुस्त झाली की आम्ही लोड देऊन बघतो. तपासणी अशी ठरवली: रोझेट मुद्दाम मध्यभागी ठेवायचा नाही. २५ ला उजव्या वरच्या कोपऱ्याकडे, २६ ला डावीकडे, २७ ला खाली. दोष लेन्सचा किंवा फ्लॅटचा असेल तर भोक सेन्सरच्या मध्यावर राहील. ताऱ्यांचा असेल तर ताऱ्यांबरोबर फिरेल.

तिन्ही रात्री मिळाल्या. रात्री दहा-अकराला रोझेट जवळजवळ डोक्यावर. मान वर करून पाहिलं तर दिसत काही नाही, तरी पाहिलंच. प्रत्येक दहा फ्रेमनंतर हाताने दोन बटणं दाबून कॅमेरा किंचित हलवला, कारण डिसेंबरच्या चित्रात तिरक्या रेषांचा गोंधळ होता. सेन्सरचा ठरलेला डाग प्रत्येक फ्रेममध्ये थोडाथोडा सरकत जाऊन त्या रेषा होतात. हलवलं की विस्कटतात.

२८ ला सकाळी तिन्ही रात्री वेगवेगळ्या रचून शेजारी ठेवल्या. भोक तिन्हींत ताऱ्यांबरोबर गेलं. आणि माझं ते सुबक कडं तिन्हींत तिथल्या तिथे, खाली डावीकडे, जागचं हललं नाही. सेन्सरवरच्या धुळीचा कण. फ्लॅट नोव्हेंबरचे, कण ७ डिसेंबरला माझ्या पुसण्याने बसलेला, म्हणून फ्लॅटने तो निघत नव्हता. काच काढून देणाऱ्याकडूनही आत धूळ राहिली होती, पण हा कण माझा.

ज्याला कोणाला हे करायचंय त्याने एवढं लक्षात ठेवा: प्रत्येक सत्राला नवे फ्लॅट, आणि शंका आली की चौकट हलवून बघा. दोन संध्याकाळींचं काम आहे. मी महिना घालवला.

२९ जानेवारी

अमावास्या, वर ढग. झोपलो.

८ फेब्रुवारी

तिन्ही रात्रींच्या मिळून पाच तास दहा मिनिटांच्या फ्रेम एकत्र रचल्या. सिरिलमध्ये दोन पट्ट्या वेगळ्या करायची तयार स्क्रिप्ट आहे: हायड्रोजन लाल पिक्सेलमधून, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यातून. दोन काळी-पांढरी चित्रं मिळतात. ती पाहताना मला खरी मजा आली, रंगीत चित्रापेक्षा जास्त.

ऑक्सिजनचं चित्र लहान आणि आतल्या अंगाला, भोकाच्या काठाला धरून. हायड्रोजनचं पसरलेलं, बाहेरपर्यंत. कारण हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. ऑक्सिजनचा एक आधीच गेलेला असताना दुसरा उडवायला ३५ च्या वर लागतात. तेवढा कडक उजेड ताऱ्यांच्या जवळच उरतो, लांब जाईपर्यंत वाटेतच खर्ची पडतो. लांब केबलवर शेवटच्या पंपाला व्होल्टेज कमी मिळतं, ते आठवलं, जरी हे अगदी तसं नाही.

जानेवारीत मी धूळ समजून पुसलेल्या काळ्या शेपट्या या वेळी जपून ठेवल्या. एका कडेला त्यांची माळच आहे, टोकं आत गुच्छाकडे. ते गार, दाट धुळीचे गोळे आहेत. भोवतीचा विरळ वायू उजेडाने आणि वाऱ्याने उडाला, दाट होतं ते तगून राहिलं. ओढ्याला पूर येऊन गेल्यावर दगडामागे मातीची शेपटी उरते, तशी.

भोक रिकामंही नाही. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने तिथे लाखो अंश तापलेला विरळ वायू पाहिलाय. माझ्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही, म्हणून काळं.

आणि आता गंमत. मला ते भोक इतकं मोठं वाटलं की खरं असूच शकत नाही. लीड्स विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये मांडलेलं काम वाचलं, तर त्यांची तक्रार उलटी: भोक फार लहान आहे! ताऱ्यांचं वय आणि वाऱ्याचा जोर पाहता ते दहापटीपर्यंत मोठं असायला हवं होतं. त्यांनी संगणकावर ढगाचे वेगवेगळे आकार धरून वारा सोडून पाहिला. जमलं ते पातळ पत्र्यासारख्या ढगाला. वारा पत्र्याला मधे भोक पाडतो आणि बाकीचा दोन्ही अंगांनी निघून जातो, कडेला ढकलत बसत नाही. बोअरला आवरणाची नळीच नसेल तर हवा माळावर निघून जाईल, तसं. हे वाचून मी मूळ चित्र पुन्हा उघडलं आणि बराच वेळ नुसतं भोकच पाहत बसलो.

चित्राच्या आग्नेय बाजूला काही नाही. काळं. तिथे काम करायला सॉफ्टवेअरला वाव नाही, म्हणून मी तो भाग कापून टाकणार होतो. भाची म्हणाली, तोच ठेव. रोझेटचा गार, न पेटलेला ढग तिथेच आहे. हर्शल अंतराळ दुर्बिणीने २०१० मध्ये तिथे अवरक्त किरणांत पाहिलं, तर धुळीच्या कोशात बसलेले, अजून वाढत असलेले जड तारे सापडले, सूर्याच्या दहापटीपर्यंतचे. म्हणजे कुकर अजून चुलीवर आहे. छापताना काळा भाग ठेवला.

२० फेब्रुवारी

छपाई. १६ बाय २० इंच, दोन प्रती. एक रोझेट मध्यभागी असलेली, एक २५ जानेवारीच्या रात्रीची, रोझेट कोपऱ्यात गेलेली. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या आधी जायचं ठरलं, कारण शुक्रवारी तिथे गाडी लावणं म्हणजे शिक्षा.

पहिली प्रत तपकिरी आली. यंत्रात आपोआप रंग सुधारायची सोय चालू होती. इतकं लाल पाहून यंत्राने ठरवलं, रंग बिघडलाय. भोकही उजळवून टाकलं. ९०० गेले. काउंटरवरच्या मुलावर चिडणार होतो, पण १२ जानेवारीला मीही तेच केलं होतं. सगळ्या सुधारणा बंद करून पुन्हा, दोन प्रतींचे १,८००.

एकूण हिशेब: ६३,२०० अधिक ३१० अधिक २,७०० म्हणजे ६६,२१०. वीज आणि चहा धरलेला नाही. रात्री ११, त्यातल्या कामाच्या ५.

२८ फेब्रुवारी

हायस्कूलच्या व्हरांड्यात दोन्ही चित्रं लावली. सरांनी खाली अंतर लिहिलं: सुमारे ५,००० प्रकाशवर्षं. मुलं आली, बरीचशी शेजारच्या ज्वालामुखीच्या मॉडेलकडे गेली, ते धूर सोडत होतं.

आठवीतली एक मुलगी बराच वेळ उभी होती. तिने मध्यभागी बोट ठेवलं. "इथे रंग उडालाय?"

मी तिला दुसऱ्या चित्रापाशी नेलं आणि म्हटलं, इथे शोध. तिने कोपऱ्यातलं फूल शोधलं, त्यातलं भोक शोधलं, परत पहिल्यापाशी गेली. दोन फेऱ्या मारल्या. मग खाली डावीकडे बोट ठेवून विचारलं, "आणि हे दोन्हीकडे एकाच जागी कसं?"

वाकून पाहिलं. धुळीचं कडं. अगदी पुसट, पण दोन्ही प्रतींत होतं. नव्या फ्लॅटनेही पूर्ण गेलं नव्हतं आणि छापायच्या आधी माझ्या नजरेतून सुटलं होतं.

१ मार्च

सेन्सर साफ करायचं सामान मागवलं, ६५०. हिशेब ६६,८६०. लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, डबा तांदळाच्या पिंपाशेजारी. पुड्या जूनआधी एकदा तव्यावर भाजायच्या, नाहीतर पावसात बुरशी. गच्चीवरच्या तीन टिकल्यांवर पुन्हा ऑइलपेंट मारला.